सर्दी झालेल्या म्हशीची कव्वाली

भोकरदनला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी तिथे येतात. आतली काळी पडलेली तार उपटून काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश पाजून वाळवायचं आणि चालू करून गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची, असं ते काम. मी जवळच्याच एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. लग्नाआधी मी ह्यांना पाहिलं होतं ते मात्र दुकानात नव्हे, स्टेजवर. जयंतीच्या दिवसांत आमच्या वस्तीत गायन पार्टी यायची आणि पार्टीचे मुख्य गायक हे होते.

एका वर्षी गाणं ऐन रंगात असताना लाईट गेली. माईक बंद, दिवे बंद. हे थांबलेच नाहीत. ढोलकीवाल्यानं हात सैल केला आणि हे नुसत्या गळ्यावर गात राहिले. पार मागं हातपंपापाशी बाया बसल्या होत्या, माझी आई त्यांच्यात होती. माईक बंद पडलाय हे तिला लाईट परत आल्यावर कळलं. पुढं स्थळ आलं तेव्हा माझे वडील म्हणाले, "पोरगा गाण्याबजावण्याचा हाये. संसाराचं काय?" आई म्हणाली, "मोटारी भरतो ना? मंग झालं तर."

लग्नानंतर दर वर्षी मी पाहत आले. एप्रिलपासून मेअखेरपर्यंत कार्यक्रम चालायचे, आज भोकरदन तर उद्या पार घनसावंगीकडं. शेवटी ह्यांचा आवाज बसायचा. मी हळदीचं दूध द्यायचे, गुळण्या करायला लावायचे. जून उजाडला की गळा परत खुलायचा. आमच्या लेकीला तिसरं वर्ष लागलं होतं त्या वर्षी मात्र तो खुलला नाही. पाऊस सुरू झाला, पोळा आला, तरी बोलताना आवाजाला खरखर होती. आम्ही म्हणालो, औंदा कार्यक्रम जास्त झाले.

त्याच सुमारास पुण्याहून एक संगीतकार आला. तरुण होता, अंगानं किडकिडीत, बोलताना सारखा टेबलावर बोटं वाजवायचा. ह्यांच्या ढोलकीवाल्या मित्रानं त्याला दुकानावर आणलं. लहान मुलांचा एक विनोदी सिनेमा होता. खेड्यातल्या शाळेत पोरं कमी म्हणून शाळा बंद होणार असते. मंग पोरं काय करतात, तर साहेब तपासणीला येतात तेव्हा पट भरावा म्हणून गावातली जनावरं गणवेश घालून वर्गात आणून बसवतात. मला गोष्ट ऐकून हसू आलं, आणि जरा कसंतरीही झालं, कारण माझ्या शाळेचा पटही तसाच होता.

संगीतकाराचं म्हणणं असं, की प्रत्येक जनावराचं गाणं वेगळ्या जातीचं पाहिजे. त्यासाठी तो आमच्याच भागात फिरत होता. कुंभार पिंपळगावच्या बायांकडून त्यानं जात्यावरच्या ओव्या घेतल्या होत्या, त्या कोंबडीला. परतूरचा एक लग्नातला बँड त्यानं बैलांसाठी ठरवला होता. बोकडाला कॉलेजातल्या पोराचं रॅप. शेवटी गिटारवर एक इंग्रजी वळणाचं संथ गाणं, ते शाळेच्या रिकाम्या बाकांचं. आणि मध्ये म्हैस आणि हेडमास्तरांचं गाढव यांचा कव्वालीचा मुकाबला.

"म्हशीला सर्दी झालेली आहे," तो ह्यांना म्हणाला. "पण विनोदी गाणारा मला नको. खऱ्या कव्वालीचा गळा पाहिजे."

हे हसले. "गळा बसलाय सध्या."

"बसू द्या. तुम्ही या."

पार्टीतल्या वडीलधाऱ्या लोकांना ते आवडलं नाही. ज्या तोंडानं आपण समाजाची गाणी म्हणतो त्या तोंडानं म्हशीचं गाणं म्हणायचं का, असं एकजण दारात येऊन बोलून गेले. हे त्यांना म्हणाले, "दादा, लेकरं हसतील. त्यात काय वाईट हाये?" त्यांना पटलं नाही. चहा मात्र पिऊन गेले.

आम्ही तिघं पुण्याला गेलो. स्टुडिओत काचेच्या पलीकडं हे उभे, कानाला मोठे हेडफोन, आणि मी अलीकडं लेकीला मांडीवर घेऊन. पहिल्यांदा ह्यांनी नेहमीसारखं गायचा प्रयत्न केला. वरच्या पट्टीत आवाज फाटला. परत घेतलं, परत फाटला. ह्यांचा चेहरा पडला. काचेपलीकडून म्हणाले, "माफ करा, गळा साथ देऊन न्हाई राह्यला."

संगीतकार खुर्चीतून उठलाच. "हेच पाहिजे. हीच खरखर. बिलकुल लपवू नका, उलट अजून घोगरं करा."

मंग ह्यांनी सोडून दिलं. नाकातून गायले, घशातून गायले, ओळीच्या शेवटी शिंकले. 'हजेरी लावा गुरुजी, नाक चोंदलं म्हशीचं' अशी ओळ होती आणि शिंकेवर टाळ्यांचा ठेका पडायचा. मध्येच ह्यांना खरा खोकला आला. थांबायला लागले तर संगीतकार हातानं खुणावत होता, चालू द्या, चालू द्या. तो खोकला गाण्यात तसाच ठेवला आहे. काचेअलीकडं बसलेले आम्ही सगळे पोट धरून हसत होतो. लेक टाळ्या वाजवत होती. परत येताना गाडीत हे म्हणाले, "मॅडम, आपलं पहिलं रेकॉर्डिंग. ते बी म्हशीचं." चिडवायचं असलं की ते मला मॅडम म्हणायचे.

सिनेमा जालन्याला लागला तेव्हा आम्ही जीप करून गेलो. ढोलकीवाले भाऊजी, त्यांची बायको, शेजारची लेकरं. थिएटर निम्म्याहून जास्त रिकामं होतं. आठवड्यानं सिनेमा उतरला. गाणी मात्र राहिली. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही अशी ती गाणी, पण लेकरांना तेच आवडलं असावं. बायांच्या ओव्यांवर पोरी अंगणात गोल फिरायच्या. बोकडाचं रॅप माझ्या चौथीच्या वर्गाला पाठ होतं आणि पाढे नव्हते. आणि सगळ्यांत जास्त चालली ती म्हैस. लग्नाच्या वरातीत लागली, गारीगारच्या गाडीवर लागली. मंग एक दिवस सकाळी आमच्या गल्लीत कचऱ्याची घंटागाडी आली तीच ते गाणं वाजवत. आधी स्वच्छतेचं कसलं तरी गाणं असायचं. ड्रायव्हरला कंटाळा आला असेल. हे दात घासत ओट्यावर उभे होते. ड्रायव्हरनं त्यांना हात केला, ह्यांनी ब्रशसकट केला. बायका डबे घेऊन बाहेर येत होत्या आणि ह्यांच्याकडं बघून हसत होत्या. तो दिवस चांगला गेला.

घास गिळताना त्रास व्हायला लागला तेव्हा आम्ही संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून पडद्यावर बघितलं. मीही बघत होते, मला त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी विचारलं, "आवाज असा कधीपासून आहे?"

"जयंतीपासून," हे म्हणाले.

"या वर्षीच्या?"

"न्हाई. मागच्या."

डॉक्टर लिहीत राहिले. नंतर म्हणाले, बिडी ओढता का. हे म्हणाले, लेक झाली तेव्हा सोडली. त्याआधी किती वर्षं ओढली ते डॉक्टरांनी विचारलं आणि ह्यांनी खरं सांगितलं.

तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तेव्हा गाठ स्वरयंत्राच्या पलीकडंपर्यंत पसरली होती. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, गळ्याला खाली भोक पाडावं लागेल, श्वास तिथून घ्यायचा, आणि मंग रेडिएशनचा शेक. ह्यांनी एकच विचारलं, "थोडं राखता येणार न्हाई का?" डॉक्टर म्हणाले, "तेव्हाच आला असता तर बघितलं असतं."

तेव्हा म्हणजे कधी, ते मला माहीत होतं. काचेपलीकडं हे घोगरं गात होते आणि आम्ही हसत होतो, तेव्हा. ज्या खरखरीवर अख्खा जिल्हा हसला ती गाठीची होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्सला कुणीतरी सांगितलं की म्हशीचं गाणं ह्यांचं. ती बिचारी आनंदानं म्हणाली, "खरंच का? माझा मुलगा त्या गाण्याशिवाय जेवत नाही." हे तिच्याकडं बघून हसले आणि त्यांनी तिच्यासाठी एक ओळ म्हणून दाखवली. शिंकसुद्धा. ती त्यांची शेवटची ओळ. त्यानंतर बोलले असतील ते पाणी दे, खिडकी लाव, असलं काहीतरी. मला आठवत नाही.

दवाखान्यातून घरी आलो. गळ्याला जाळीदार फडकं, त्यामागं भोक, त्यातून श्वासाचा आवाज. ते झोपले की मी तो आवाज ऐकत बसायचे. पहिल्याच आठवड्यात सकाळी घंटागाडी आली आणि खिडकीतून ती कव्वाली घरात शिरली. मी चुलीवरचं तसंच टाकून बाहेर पळाले. ड्रायव्हरला म्हणाले, "दादा, आमच्या गल्लीत ते गाणं नका लावत जाऊ." त्याला माहीत नव्हतं. सांगितलं तेव्हा त्यानं गाणं बंद केलं आणि गाडीतून उतरून नुसता उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीत गाडी मुकी यायची. बायकांना कळायचं नाही, कचरा घरात साचायचा. शेवटी हेच बाहेर गेले आणि त्याला खुणेनं म्हणाले, लाव.

बोलायला गळ्याला लावायचं एक यंत्र मिळालं होतं. बटण दाबलं की ते थरथरतं आणि ओठांच्या हालचालीतून शब्द उमटतात, सगळे एकाच सुरात, टिनाच्या डब्यातून आल्यासारखे. हे दुकानात ते वापरून बघायचे. गिऱ्हाईक दचकायचं. घरी लेक पलंगाखाली जाऊन बसायची. तिला मी रागावले तर ह्यांनी यंत्र फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवून दिलं. ते अजून तिथंच आहे. आता हे मोबाईलवर टाइप करून दाखवतात, किंवा खुणा करतात. दुकानातून मला नुसता मिस्ड कॉल येतो. मी समजते की जेवायला येताहेत.

त्या दिवसांत मी ह्यांचं जुनं गाणं शोधायला लागले. एवढी वर्षं स्टेजवर गायले, कुठंतरी असणारच, असं मला वाटायचं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, माझ्याकडं खूप व्हिडिओ होते. कार्ड खराब झालं." दुसऱ्या एकाच्या मोबाईलमध्ये एक सापडला. त्यात हे गात आहेत, पण ज्यानं व्हिडिओ काढला तो स्वतःच इतक्या मोठ्यानं सोबत म्हणतो आहे की ह्यांचं तोंड हलताना दिसतं आणि आवाज त्या माणसाचा येतो. वस्तीतल्या अजून दोघा-तिघांकडून मिळाले त्यात फटाके आणि भोंग्याची कर्कश शिट्टी. मी संगीतकाराला फोन केला. तो चांगला माणूस निघाला. दोन दिवस लावून त्यानं सगळं धुंडाळलं आणि फोन करून म्हणाला, "ताई, माझ्याकडं आहे ते सगळं त्याच दिवसाचं. सगळ्यात ती खरखर आहे." मंग म्हणाला, "मीच म्हणालो होतो ना, अजून घोगरं करा." मी म्हणाले, तुम्हाला काय माहीत. खरंच, त्याला काय माहीत.

पुढं दोन-तीन वर्षांनी आमच्या शाळेच्या गॅदरिंगला पोरांनी म्हशीच्या गाण्यावर नाच बसवायचा ठरवला. आमचे सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, नको असंल तर दुसरं घेऊ." पोरांनी पुठ्ठ्याची शिंगं कापून ठेवली होती. मी म्हणाले, असू द्या. हे गॅदरिंगला येतील असं मला वाटलं नव्हतं. आले. गळ्याला रुमाल बांधून मागच्या खुर्चीवर बसले. गाणं लागलं, पोरं शिंकली, सगळं गाव हसलं. मी स्टेजच्या कडेला उभी होते, माझं लक्ष ह्यांच्याकडं. ते ठेका धरत होते, मांडीवर.

कार्यक्रम संपल्यावर मैदानात लेकीचा आवाज ऐकू आला. ती तेव्हा पहिलीत होती. शिंगं लावलेल्या एका पोरीला सांगत होती, "ते गाणं माझ्या पप्पानं म्हणलंय."

"खोटं."

"आईची शप्पथ."

पोरीनं ह्यांच्याकडं बघितलं. रुमालाकडं बघितलं. "मंग म्हण म्हणावं आता."

लेक ह्यांच्याकडं बघायला लागली. मी मध्ये जाणार तेवढ्यात ह्यांनी दोन बोटं डोक्याला लावली, शिंगं केली, डोळे मिटून तोंड वासलं आणि मोठी शिंक आल्यासारखं केलं. आवाज आला तो रुमालाखालून, नुसता हवेचा, फस्स असा. रुमाल फडफडला. मंग ती शिंगंवाली पोर हसली आणि पळून गेली. आमची लेक हसली नाही. घरी येईपर्यंत ती ह्यांचं बोट धरून चालत होती, पण मान दुसरीकडं.

त्यानंतर तिनं ते गाणं घरात कधी लावलं नाही. बाकीची गाणी लावायची, ओव्या, बँड, बोकड. म्हैस आली की बोटानं पुढं सरकवायची. हे ऐकत असायचे, त्यांना कळत होतं. एकदा मी तिची वेणी घालत होते, हे दुकानात होते. तिनं विचारलं, "मम्मी, पप्पांचा आवाज म्हशीसारखाच होता का?"

"न्हाई गं."

"मंग कसा होता?"

मी म्हणाले, लांबपर्यंत जायचा. ती म्हणाली, म्हणजे कसा. मी म्हणाले, गोड होता. पण ते सगळ्यांच्याच आवाजाला म्हणतात. मी त्या लाईट गेलेल्या कार्यक्रमातलं गाणं तिला म्हणून दाखवायला लागले आणि दुसऱ्या ओळीपाशी मला कळलं की माझ्या कानात ते गाणं ह्यांच्या आवाजात वाजतच नाही. शब्द आहेत, चाल आहे. आवाज लावायला जाते तर म्हैस येते. लेक आरशातून माझ्याकडं बघत होती. मी वेणी घट्ट बांधली. ती म्हणाली, "दुखतंय."

तेव्हापासून मी खूपदा प्रयत्न केला आहे. शाळेत मधल्या सुट्टीत, बसमध्ये, भाकरी थापताना. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी मला हाक मारली ती आठवते, कुठं उभे होते ते आठवतं, अंगात कोणता शर्ट होता तो आठवतो. हाक ऐकू येत नाही.

या महिन्यात तपासणीची तारीख होती. गळ्याच्या डाव्या बाजूला ह्यांना काही दिवसांपासून टणक लागत होतं. मला दाखवलं नव्हतं, पण दाढी करताना हात तिथं थांबायचा तो मी बघत होते. डॉक्टर तेच होते. त्यांनी बोटांनी दाबून बघितलं, फोटो काढायला लावले, दुपारी परत बोलावलं. या वेळी त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. म्हणाले, गाठ परत आली आहे आणि मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला धरून आहे. आता कापता येणार नाही. शेक एकदा देऊन झाला आहे. औषधं देऊ, दुखणं कमी राहील असं बघू.

"किती..." मी विचारायला लागले. ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

भोकरदनच्या बसला गर्दी होती. हे खिडकीशी बसले, मी शेजारी. लेक शेजारणीकडं ठेवली होती. फुलंब्री येईपर्यंत ते बाहेर बघत होते. मी मनात वाक्यं जुळवत होते, घरी काय सांगायचं, लेकीला काय सांगायचं. मंग ह्यांनी खिशातून मोबाईल काढला. बराच वेळ टाइप करत राहिले, पुसत राहिले. शेवटी मोबाईल माझ्यापुढं धरला.

'दुकानात लोकांच्या मोटारी पडल्या हायेत. त्या भरून देऊन टाकतो. नव्या आता घेत न्हाई.'

मी वाचलं आणि मान हलवली. ह्यांनी मोबाईल खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते लवकर दुकानात गेले, मी डबा भरून दिला, आणि लेकीला घेऊन शाळेची बस पकडली.